‘बर्ड फ्लूची लस आली’ म्हणजे नेमकी कोणती? कोंबडीच्या विषाणूवरचं कामाचं प्रोटीन कसं शोधतात

रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेला चिकनच्या दुकानापुढे रांग लागते. हिवाळ्यात कुठेतरी कोंबड्या दगावल्याची बातमी आली की त्याच रांगेतल्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एक म्हणतो, ‘बर्ड फ्लू आलाय, चिकन बंद करा.’ दुसरा म्हणतो, ‘घाबरू नका, आता लस आलीय.’

दोन्ही मेसेज अर्धवट आहेत.

कोंबड्यांसाठी बर्ड फ्लूची एक लस भारतात खरोखर तयार झाली आहे. २०२२ मध्ये तिचं तंत्रज्ञान ज्या चार कंपन्यांना देण्यात आलं, त्यात पुण्याची एक कंपनीही आहे. पण ही लस ज्या विषाणूवर आहे, तो विषाणू वेगळा आणि लाखो कोंबड्या पुरायला लावणारा विषाणू वेगळा. दोघांचं आडनाव एकच, ‘बर्ड फ्लू’. फरक आहे तो विषाणूच्या अंगावरच्या प्रोटीनचा.

हे प्रोटीन कोणतं, ते कोंबडीच्या शरीराला कसं जागं करतं आणि शास्त्रज्ञ ते शोधून कसं काढतात? महाराष्ट्रातल्याच घटनांमधून समजून घेऊया.

नवापूर, २००६: मानमोडी की फ्लू?

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर हे गुजरातच्या सीमेवरचं गाव. इथे मोठ्या प्रमाणावर पोल्ट्री फार्म आहेत. २००६ च्या सुरुवातीला इथल्या कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. सुरुवातीला अनेकांना वाटलं, ही नेहमीची मानमोडी असावी.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. या रोगात कोंबडीची मान वाकडी होते, म्हणून गावाकडे हे नाव पडलं. राणीखेत हे आजच्या उत्तराखंडमधलं गाव. तिथे १९२० च्या दशकात भारतातल्या या रोगाची नोंद झाली. इंग्लंडमध्ये साधारण त्याच काळात न्यूकॅसल शहराजवळ हाच रोग दिसला, म्हणून जगभर त्याला ‘न्यूकॅसल डिसीज’ म्हणतात.

मानमोडी आणि घातक बर्ड फ्लू, दोन्हींत कोंबड्या सुस्तावतात, त्यांना श्वास घ्यायला त्रास होतो, अंडी घटतात आणि मग पटापट मरतुक होते. नुसतं बघून दोन्हींतला फरक सांगणं अनुभवी पशुवैद्यालाही अवघड जातं.

नवापूरचे नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्राणीरोग प्रयोगशाळेत गेले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने जाहीर केलं की हा एच५एन१ बर्ड फ्लू आहे. कोंबड्यांमध्ये या विषाणूची भारतात झालेली ही पहिली अधिकृत नोंद होती. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातही लागण सापडली. त्या काही महिन्यांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशात मिळून सुमारे १० लाख पक्षी मारण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, माणसांचे नमुने तपासले. त्यात लागण आढळली नाही.

‘मानमोडी’ आणि ‘एच५एन१’ या दोन शब्दांत इतका फरक होता. पहिला असता तर लसीकरण वाढवून भागलं असतं. दुसरा निघाला म्हणून आख्खे फार्म रिकामे झाले. आणि तो फरक ठरला विषाणूच्या ओळखीवरून.

विषाणूच्या अंगावर काय असतं?

फ्लूचा विषाणू हा बाहेरून एका स्निग्ध आवरणात गुंडाळलेला असतो. त्या आवरणातून शेकडो काटे बाहेर आलेले असतात. हे काटे प्रोटीनचे असतात आणि ते मुख्यतः दोन प्रकारचे असतात.

पहिलं हिमॅग्लुटिनिन, थोडक्यात ‘एच’. हे विषाणूचं कुलूप उघडणारं हत्यार आहे. कोंबडीच्या पेशीच्या बाहेर सायलिक ॲसिड नावाची साखर असते. ‘एच’ त्या साखरेला चिकटतं आणि विषाणूला पेशीत घुसवतं.

दुसरं न्युरामिनिडेज, थोडक्यात ‘एन’. हे कात्रीचं काम करतं. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना त्याच साखरेला चिकटून बसू नयेत म्हणून ‘एन’ ती साखर कापतं.

एच५एन१, एच९एन२, एच५एन८ ही नावं इथूनच येतात. पक्ष्यांमध्ये ‘एच’चे किमान १६ आणि ‘एन’चे ९ प्रकार माहीत आहेत. ‘एच५’ म्हणजे पाचव्या प्रकारचं हिमॅग्लुटिनिन. मोबाइलच्या मॉडेल नंबरसारखं हे नुसतं लेबल नाही. शरीर विषाणूला ओळखणार की नाही, हे त्या आकड्यावर अवलंबून असतं.

शरीर ओळखतं म्हणजे काय करतं? कोंबडीच्या रक्तात अँटीबॉडी तयार होतात. त्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या असतात आणि विषाणूच्या एखाद्या ठरावीक भागाला जाऊन चिकटतात. ज्या पदार्थामुळे शरीर असा प्रतिसाद देतं, त्याला अँटिजेन म्हणतात. अँटीबॉडी त्या अँटिजेनच्या ज्या नेमक्या तुकड्याला पकडते, तो इपिटोप.

पण विषाणूत डझनभर वेगवेगळी प्रोटीन असतात. त्यातलं नेमकं कोणतं शरीराला जागं करतं? आणि जागं करणारं प्रत्येक प्रोटीन कोंबडीला वाचवतंच का? हे शोधण्याची पद्धत पायरीपायरीने पुढे जाते.

पायरी १: अंड्यात विषाणू वाढवणं

विषाणू स्वतःहून वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. त्यासाठी साधारण ९ ते ११ दिवस उबवलेली, गर्भ असलेली अंडी वापरतात. अंड्याच्या कवचाला बारीक भोक पाडून आतल्या द्रवात नमुना सोडतात. पुढच्या एकदोन दिवसांत विषाणू तिथे कोट्यवधींच्या संख्येने वाढतो. मग तो द्रव काढून अतिशय वेगाने फिरवतात, म्हणजे विषाणू बाकीच्या घटकांपासून वेगळा होतो.

एच५एन१ सारख्या विषाणूसाठी हे काम साध्या लॅबमध्ये करता येत नाही. त्यासाठी हवा बाहेर जाऊ न देणारी, उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. भोपाळची ती प्रयोगशाळा आज राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था म्हणून ओळखली जाते. देशभरातले बर्ड फ्लूचे संशयित नमुने शेवटी तिथेच पोचतात.

पायरी २: लाल रक्तपेशींची चाचणी

१९४१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आलं की फ्लूचा विषाणू मिसळला की कोंबडीच्या लाल रक्तपेशी एकमेकींना चिकटतात. कारण तेच ‘एच’ प्रोटीन. एक विषाणू दोन पेशींना धरतो, दुसरा आणखी दोघींना, आणि पेशींची जाळी तयार होते. हिमॅग्लुटिनिन या नावाचा अर्थच ‘रक्तपेशी चिकटवणारा’ असा आहे.

लॅबमध्ये हे डोळ्यांना दिसतं. छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत रक्तपेशी टाकतात. विषाणू नसेल तर पेशी खाली बसून लाल टिकली तयार होते. ताटली तिरकी केली की ती टिकली अश्रूसारखी ओघळते. विषाणू असेल तर पेशी जाळीसारख्या पसरून राहतात, टिकली होत नाही.

आता यात अँटीबॉडी असलेला रक्तद्रव, म्हणजे सिरम, टाका. ते सिरम ‘एच’ला घट्ट पकडणारं असेल तर विषाणूला पेशी चिकटवता येत नाहीत आणि लाल टिकली परत दिसते. याला एचआय चाचणी म्हणतात. सिरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात. किती पातळ केल्यावरही ते काम करतं, यावरून कोंबडीत अँटीबॉडी किती आहेत ते कळतं. जागतिक मापदंडानुसार सोळापट पातळ करूनही सिरमने विषाणू अडवला तर निकाल पॉझिटिव्ह धरतात.

यात एक गंमत आहे. मानमोडीचा विषाणूही लाल रक्तपेशी चिकटवतो. त्याच्या अंगावर एचएन नावाचं प्रोटीन असतं, ते हेच काम करतं. म्हणजे नुसत्या रक्तपेशी चिकटल्या यावरून ‘फ्लू’ म्हणता येत नाही. त्यासाठी आधीच ओळख पटलेली सिरम वापरतात. मानमोडीच्या सिरमने विषाणू अडला तर मानमोडी. एच५ च्या सिरमने अडला तर एच५. दोन सारख्या दिसणाऱ्या रोगांचा निवाडा असा पृष्ठभागावरच्या प्रोटीनवर होतो. आता याच्या जोडीला विषाणूची जनुकं ओळखणारी पीसीआर चाचणीही करतात आणि तिचा निकाल लवकर मिळतो.

पायरी ३: प्रोटीन सुटी करून बघणं

एचआय चाचणी ‘एच’बद्दल सांगते. बाकीच्या प्रोटीनचं काय? त्यासाठी विषाणू डिटर्जंटमध्ये विरघळवतात. भांड्यावरचं तेल साबणाने सुटावं तसं त्याचं स्निग्ध आवरण सुटतं. मग सगळी प्रोटीन जेलीसारख्या एका थरात सोडून त्यातून वीज सोडतात. हलकी प्रोटीन पुढे पळतात, जड मागे राहतात. अशा प्रत्येक प्रोटीनच्या वेगळ्या रेषा तयार होतात.

या रेषा एका कागदासारख्या पडद्यावर उतरवतात आणि त्यावर आजारातून बरी झालेल्या कोंबडीचं सिरम टाकतात. सिरममधल्या अँटीबॉडी ज्या रेषेला चिकटतात, ती रेषा रंगाने किंवा प्रकाशाने उठून दिसते. या तंत्राला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात.

उत्तर मिळालं असं इथे वाटू शकतं. जी रेषा सगळ्यात ठळक, तेच लसीसाठी निवडायचं. पण इथेच चूक होऊ शकते.

पायरी ४: जागं करणारं आणि वाचवणारं, हे वेगळं

फ्लूच्या विषाणूच्या आत न्युक्लिओप्रोटीन, म्हणजे ‘एनपी’ नावाचं प्रोटीन असतं. ते भरपूर असतं आणि लागण झालेल्या कोंबडीत त्याविरुद्ध अँटीबॉडीही भरपूर तयार होतात. ब्लॉटवर त्याची रेषा ठळक दिसते. पण एनपी विषाणूच्या पोटात दडलेलं असतं. बाहेरून येणारी अँटीबॉडी तिथवर पोचतच नाही. त्यामुळे विषाणू पेशीत शिरताना एनपीची अँटीबॉडी त्याला अडवू शकत नाही.

एनपी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. सगळ्या बर्ड फ्लू विषाणूंमध्ये ते बरंचसं सारखं असतं. म्हणून ‘या कळपाला कुठल्यातरी फ्लूची लागण होऊन गेली का’ हे तपासण्यासाठी ते उत्तम. त्यामुळे पेशींच्या पातळीवरची प्रतिकारशक्तीही काही प्रमाणात जागी होते. पण दारातच अडवायचं काम बाहेरच्या प्रोटीनवरच्या अँटीबॉडीच करतात.

म्हणून शास्त्रज्ञ दोन वेगळे प्रश्न विचारतात. शरीर कोणत्या प्रोटीनला प्रतिसाद देतं? आणि त्यातल्या कोणत्या प्रतिसादामुळे विषाणू निकामी होतो? दुसऱ्या प्रश्नासाठी सिरम आणि विषाणू एकत्र करून जिवंत पेशींवर सोडतात. पेशी वाचल्या तर त्या अँटीबॉडी खरंच कामाच्या. फ्लूच्या बाबतीत उत्तर पुन्हा पुन्हा ‘एच’ असं येतं. ‘एन’वरच्या अँटीबॉडी मदत करतात, विषाणूचा फैलाव कमी करतात, पण पहिली अडवणूक ‘एच’वर होते.

हाच धडा गंबोरो रोगातही दिसतो. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या गंबोरो परिसरातून नोंदवलेला हा रोग पिल्लांच्या बर्सा नावाच्या अवयवावर हल्ला करतो. पक्ष्यांमध्ये अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, वर प्रोटीनचं कवच असतं. त्या कवचाचं मुख्य प्रोटीन आहे व्हीपी२. कोंबडी आतल्या व्हीपी३ विरुद्धही अँटीबॉडी बनवते, पण विषाणूला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी प्रामुख्याने व्हीपी२ वरच्याच असतात.

पायरी ५: एकट्या प्रोटीनची परीक्षा

संशयित प्रोटीन खरंच वाचवतं का, याची शेवटची परीक्षा कोंबडीतच होते. विषाणूतलं फक्त त्या एका प्रोटीनचं जनुक काढतात आणि ते एखाद्या निरुपद्रवी वाहकात बसवतात. कोंबड्यांच्या देवी रोगाचा सौम्य विषाणू, किंवा टर्की पक्ष्यातला एक निरुपद्रवी हर्पिस विषाणू असे वाहक वापरले जातात. कोंबडीला अख्खा फ्लू कधी दिसतच नाही, दिसतं फक्त त्याचं ‘एच’.

काही आठवड्यांनी या कोंबड्यांना उच्च सुरक्षेच्या लॅबमध्ये खरा विषाणू देतात. सोबत लस न दिलेल्या कोंबड्याही असतात. कोण जगलं, कोण मेलं, आणि जगलेल्या कोंबडीच्या घशातून व विष्ठेतून विषाणू बाहेर पडतोय का, हे मोजतात. यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, तो पुढे पुन्हा येईल.

‘एच’वरची नेमकी जागा शोधण्यासाठी आणखी एक युक्ती आहे. एकाच इपिटोपला चिकटणारी अँटीबॉडी लॅबमध्ये बनवतात आणि तिच्या उपस्थितीत विषाणू वाढवतात. बहुतेक विषाणू अडतात, पण एखादा निसटतो. निसटलेल्याच्या जनुकात कुठे बदल झाला ते वाचलं की कळतं, अँटीबॉडी नेमकं कुठे पकडत होती. चोर कुठून पळाला हे पाहून कुठे भगदाड आहे ते शोधावं, तसंच. १९८१ मध्ये ‘एच’ची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की या जागा मुख्यतः त्याच्या डोक्याकडच्या भागावर, पेशीला चिकटणाऱ्या खाचेच्या आजूबाजूला आहेत.

मानमोडीची जुनी लस चालते, मग फ्लूची का नाही?

मानमोडीच्या लसीत सर्रास वापरला जाणारा लासोटा हा स्ट्रेन १९४६ मध्ये अमेरिकेत सापडला. आजही भारतात पिल्लांना या स्ट्रेनची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, नाहीतर पिण्याच्या पाण्यातून दिली जाते. इतकी जुनी लस अजून काम देते, कारण मानमोडीच्या विषाणूची पृष्ठभागावरची प्रोटीन, एचएन आणि एफ, एका स्ट्रेनपासून दुसऱ्या स्ट्रेनपर्यंत पुरेशी सारखी राहिली आहेत. थोडाफार फरक पडतो, पण एकाची अँटीबॉडी दुसऱ्याला ओळखते.

फ्लूचं तसं नाही. एच९ ओळखणारी अँटीबॉडी एच५ ला अडवत नाही. शिवाय एच५ च्या आतही बदल होत राहतात. ‘एच’च्या डोक्यावर एकदोन बदल झाले तरी जुनी अँटीबॉडी नीट बसत नाही. मेक्सिकोत १९९५ पासून एच५एन२ विरुद्ध कोंबड्यांना लस दिली गेली. काही वर्षांत तिथला विषाणू लसीतल्या विषाणूपासून इतका बदलला की लस दिलेल्या कोंबड्यांतूनही तो पसरू लागला.

एच५ आणि काही एच७ विषाणू इतके घातक का ठरतात, याचं उत्तरही याच प्रोटीनमध्ये आहे. ‘एच’ काम करण्याआधी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात. सौम्य विषाणूंमध्ये हे कापण्याचं काम श्वसनमार्ग आणि आतड्यातली ठरावीक एन्झाइमच करतात, त्यामुळे लागण तिथपर्यंत मर्यादित राहते. घातक विषाणूंमध्ये कापण्याच्या जागी काही अमिनो ॲसिडची भर पडलेली असते. मग शरीरातल्या जवळपास प्रत्येक अवयवातलं एन्झाइम ते कापू शकतं. विषाणू मेंदू, हृदय, मूत्रपिंडात पोचतो आणि कोंबडी एकदोन दिवसांत मरते.

पुण्यापर्यंत आलेली लस कोणती?

भोपाळच्या संस्थेने विकसित केलेली आणि २०२२ मध्ये कंपन्यांना दिलेली लस एच९एन२ वर आहे. पुण्याची व्यंकटेश्वरा हॅचरीज, सिकंदराबादची ग्लोबियन, गुरुग्रामची इंडोव्हॅक्स आणि अहमदाबादची हेस्टर या त्या चार कंपन्या. ही लस निष्क्रिय केलेल्या, म्हणजे मेलेल्या विषाणूची आहे. त्यामुळे तिच्यातून रोग होत नाही, पण ‘एच९’ प्रोटीन शरीराला दिसतं.

एच९एन२ हा सौम्य गटातला बर्ड फ्लू. तो फार्म एका रात्रीत रिकामा करत नाही, पण अंडी घटवतो. सोबत दुसरा जंतुसंसर्ग झाला तर मरतुकही वाढते. तो भारतातल्या कोंबड्यांमध्ये पसरलेला आहे. आणि तो फक्त कोंबड्यांचा प्रश्न नाही. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात एका लहान बाळाला एच९एन२ ची लागण झाल्याचं एनआयव्हीच्या तपासणीत आढळलं. माणसातली ही भारतातली पहिली नोंद होती. ते बाळ बरं झालं.

म्हणजे ‘बर्ड फ्लूची लस आली’ हे वाक्य एच९एन२ बाबत खरं आहे. एच५एन१ बाबत ते खोटं आहे. ज्या पोल्ट्रीवाल्याने ही लस दिली, त्याच्या कोंबड्या नवापूरसारख्या विषाणूपासून सुरक्षित झाल्या असं मानणं महागात पडू शकतं.

मग एच५एन१ वर कोंबड्यांना लस का देत नाहीत?

कामाचं प्रोटीन माहीत आहे, लस बनवण्याचं तंत्रही जगात आहे. तरीही भारताचं धोरण घातक बर्ड फ्लूसाठी लस न देण्याचं राहिलं आहे. लागण सापडली की एक किलोमीटर परिघातले पाळीव पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवायचं आणि मालकाला भरपाई द्यायची. भरपाईचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात.

यामागचं मुख्य कारण पाचव्या पायरीतल्या त्या शेवटच्या प्रश्नात आहे. लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण काही वेळा विषाणू बाहेर टाकत राहू शकते. आज कोंबड्या मरतात म्हणून लागण लगेच कळते. लसीमुळे मरतुक थांबली आणि विषाणू मात्र फिरत राहिला, तर तो कुणाच्याही लक्षात न येता पसरेल. शिवाय लस दिलेली आणि लागण झालेली, दोन्ही कोंबड्यांच्या रक्तात ‘एच’च्या अँटीबॉडी दिसतात. मग ओळखायचं कसं?

यावर उत्तर पुन्हा पृष्ठभागावरच्या प्रोटीनमध्येच सापडलं. २००० च्या सुमारास इटलीत एच७एन१ ची साथ होती. तिथे लस मात्र एच७एन३ ची दिली. ‘एच’ तेच, म्हणून संरक्षण मिळालं. ‘एन’ वेगळं, म्हणून कोंबडीत एन१ च्या अँटीबॉडी सापडल्या तर समजायचं की हिला खरी लागण झाली आहे.

जगाचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. चीनमध्ये २०१७ साली कोंबड्यांना एच७ ची लस सुरू केल्यावर माणसांमधल्या एच७एन९ च्या केसेस झपाट्याने खाली आल्या. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना एच५ ची लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेने तिथून येणाऱ्या पोल्ट्रीवर निर्बंध घातले. लस देणाऱ्या देशाला प्रोटीनसोबत सततची तपासणी, विषाणूतल्या बदलांप्रमाणे लस बदलणं आणि व्यापाराचा हिशेब, हे सगळं सांभाळावं लागतं.

न दिल्याचीही किंमत आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झालं. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, दापोली आणि बीडचे नमुनेही पॉझिटिव्ह आले. पुढच्याच महिन्यात, पहिल्या साथीनंतर १५ वर्षांनी, नवापूरमध्ये पुन्हा कोंबड्या पुराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूर तालुक्यात वेहळोली गावात सुमारे १०० पक्षी मेले आणि आसपासच्या परिसरातले हजारो पक्षी मारण्याचे आदेश निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, त्यांच्यात एच५एन१ सापडला. म्हणजे हा विषाणू आता पक्ष्यांपुरता राहिलेला नाही. भारतात जुलै २०२१ मध्ये एच५एन१ मुळे माणसाचा पहिला मृत्यू नोंदवला गेला.

भाईंदरकरांनी यातून काय घ्यायचं?

भाईंदरची खाडी, मिठागरं आणि तिवरांच्या पट्ट्यात हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. पाणपक्षी हे फ्लूच्या विषाणूंचं नैसर्गिक घर मानलं जातं. बहुतेकदा त्यांना काहीच होत नाही. म्हणून पक्ष्यांना घाबरायचं कारण नाही. पण कावळे, बगळे किंवा कोंबड्या एकाच ठिकाणी, एकाच वेळी मेलेल्या दिसल्या तर हात लावू नका. व्हिडिओ फिरवण्याआधी महापालिका किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. भोपाळपर्यंतची साखळी अशाच एका फोनपासून सुरू होते.

चिकन आणि अंड्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला नीट शिजलं की हा विषाणू मरतो. उष्णतेने त्याची प्रोटीन बिघडतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा घट्ट होतो तसंच. जास्त काळजी घ्यायची ती कच्चं मांस हाताळताना, कापताना आणि साफ करताना. हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. विषाणूचं स्निग्ध आवरण साबणाने फाटतं.

‘कोंबड्यांना इंजेक्शनं देतात’ असा मेसेज आला तर एवढं लक्षात ठेवा: फार्ममधल्या कोंबड्यांना मानमोडी आणि गंबोरोच्या लसी नियमित दिल्या जातात. यातल्या बऱ्याच लसी तर थेंबातून किंवा पाण्यातून जातात. त्या लसी खाणाऱ्यासाठी धोका नाहीत. कोंबड्या आणि पोल्ट्रीवाल्याचं घर, दोन्ही त्यामुळे वाचतात.

आणि पुढच्या वेळी ‘बर्ड फ्लू’ किंवा ‘बर्ड फ्लूची लस’ अशी बातमी दिसली की आधी ‘एच’च्या पुढचा आकडा शोधा. पाच आहे की नऊ? बातमीत तो आकडाच नसेल, तर फॉरवर्ड करण्याआधी थांबा.